साडेतीन, सत्तर आणि सहाशे सहासष्ट

अमेरिकेत यूएस ६६६ या क्रमांकाचा एक महामार्ग होता. लोक त्याला सैतानाचा रस्ता म्हणायचे, हौशी मंडळी त्याच्या पाट्या उखडून घरी न्यायची, आणि शेवटी २००३ साली त्याचा क्रमांक बदलून ४९१ करण्यात आला. ज्या पुस्तकामुळे हे सगळं घडलं ते म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, ‘प्रकटीकरण’. त्याच्या १३व्या अध्यायात समुद्रातून एक श्वापद वर येतं आणि अध्यायाच्या शेवटी त्याचा आकडा येतो. गंमत अशी, की तिथे लेखक कुणाला घाबरायला सांगत नाही, हिशेब करायला सांगतो. डोकं असेल त्याने हा आकडा सोडवावा, हा एका माणसाचा आकडा आहे, असा त्याचा रोख आहे. म्हणजे कोडं घातलंय आणि उत्तर एखाद्या माणसाचं नाव असणार.

बायबलमधल्या भविष्यवाणीत आकडे पावलोपावली भेटतात, पण ते सगळे एका जातीचे नाहीत. काही नाव लपवतात. काही एखाद्या गोष्टीचा गुण सांगतात. काही खरोखरच काळ मोजतात, पण ढोबळ. एका जातीच्या आकड्याला दुसऱ्या जातीची पट्टी लावली की घोळ सुरू होतो, आणि हा घोळ गेली दोन हजार वर्षं नियमाने चालू आहे.

नाव लपवणाऱ्या आकड्यापासून सुरुवात करू. पहिल्या शतकात ग्रीक किंवा हिब्रू लिहिणाऱ्या माणसाकडे आपल्यासारखी अंकांची चिन्हं नव्हती. अक्षरंही अंक म्हणून वापरायची. ग्रीकमध्ये अल्फा म्हणजे १, बीटा २, आयोटा १०, ऱ्हो १००, ओमेगा ८००. हिब्रूत आलेफ १, योद १०, कोफ १००, ताव ४००. आपल्या कटपयादी पद्धतीतही अक्षरांना अंक दिलेले आहेत, पण ती पंडितांची सोय होती; ग्रीकमध्ये मात्र बाजारातला हिशेबही अक्षरांत लिहिला जायचा. त्यामुळे प्रत्येक नावाला आपोआप एक बेरीज असे, आणि तिच्याशी खेळणं हा लोकांचा विरंगुळा होता. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत एका प्रेमवीराने भिंतीवर लिहून ठेवलंय, की माझं जिच्यावर प्रेम आहे तिचा आकडा ५४५. ती कोण हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ५४५ बेरजेची नावं अनेक असू शकतात. तिला मात्र कळलं असणार. आकड्यावरून नाव काढणं जवळपास अशक्य, पण नाव आधीच मनात असेल तर आकडा तपासणं सोपं, हे या कोड्यांचं मर्म.

हाच खेळ राजकारणातही चालायचा. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो, की सम्राट नीरोच्या काळात रोममध्ये एक ग्रीक ओळ फिरत होती. ग्रीकमध्ये ‘नीरोन’ या नावाची बेरीज १००५. ‘स्वतःच्या आईला मारलं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांची बेरीजही १००५. नीरोने इ.स. ५९ मध्ये आई अग्रिपिना हिचा खून करवला होता आणि ते सगळ्या शहराला ठाऊक होतं. उघड बोलायची सोय नसली की बेरीज बोलते.

आता ६६६ कडे येऊ. ‘नीरोन कैसर’ (कैसर म्हणजे सम्राट) हे नाव हिब्रू अक्षरांत लिहायचं. हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे सात अक्षरं उरतात: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०; मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. पहिल्या शब्दाचे ३०६, दुसऱ्याचे ३६०. एकूण ६६६.

इथे शंका येते, आणि यावीच. एवढं ओढूनताणून केलं तर कुठल्याही नावाचे ६६६ करता येतील. ‘कैसर’मध्ये एक योद अक्षर घालायला हवं होतं, ते सोयीसाठी गाळलं, असा आक्षेप जुना आहे. पण मृत समुद्राजवळच्या मुरब्बात इथल्या गुहांत एक अरामी कर्जरोखा सापडला. त्यावर नीरो कैसराच्या दुसऱ्या वर्षाची तारीख आहे आणि कैसर हा शब्द नेमका योद न घालता लिहिलाय. म्हणजे हे स्पेलिंग साध्या व्यवहारातलं होतं.

दुसरा पुरावा मला त्याहून पटतो. प्रकटीकरणाच्या काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ च्या जागी ६१६ आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथे सापडलेल्या एका पपायरसवरही ६१६ च आहे, आणि तो या पुस्तकाच्या सर्वांत जुन्या अवशेषांपैकी एक. आता ग्रीक ‘नीरोन’ऐवजी लॅटिन वळणाने ‘नीरो’ लिहा. शेवटचं नून जातं, पन्नास कमी होतात आणि बेरीज ६१६ येते. एकाच नावाच्या दोन उच्चारांनी दोन्ही पाठ सुटतात. दुसरं कुठलंही नाव हे इतक्या सहज करत नाही.

तरीही एक गोष्ट लपवायची नाही. इ.स. १८० च्या सुमारास लिहिणाऱ्या इरिनियस या बिशपला ६१६ हा पाठ माहीत होता. ती नक्कल करणाऱ्याची चूक आहे असं तो म्हणतो, आणि ६६६ साठी तीन नावं सुचवतो. त्यांत ‘लातिनोस’ आहे, म्हणजे रोमन सत्ता, पण नीरो नाही. शंभर वर्षांच्या आत कोड्याचं उत्तर विसरलं गेलं होतं असा याचा अर्थ. वाचक रोमच्या आशिया प्रांतातले ग्रीक बोलणारे, मग बेरीज हिब्रूत कशी, असंही विचारतात. पण हाच लेखक दुसऱ्या दोन ठिकाणी एखादं नाव देऊन ते हिब्रूतलं आहे असं मुद्दाम सांगतो. शिवाय श्वापदाच्या एका डोक्याला झालेली प्राणघातक जखम बरी झाली, असं त्याच अध्यायात आहे. नीरो इ.स. ६८ मध्ये मेला, पण तो परत येणार ही अफवा पूर्वेकडे वर्षानुवर्षं फिरत होती आणि तोतये नीरोही उभे राहिले होते. हे सगळं जुळवून बघता बहुतेक अभ्यासक नीरोवर थांबतात, आणि मलाही तेच पटतं. सहा हा सातापेक्षा एकाने कमी म्हणून तीनदा सहा म्हणजे तीनदा अपूर्ण, हे स्पष्टीकरण प्रवचनांत नेहमी ऐकू येतं. ते खोटं म्हणता येणार नाही, कारण ग्रीकमध्ये येशू या नावाची बेरीज ८८८ येते आणि ती जुन्या ख्रिस्ती लेखनात नोंदलेलीही आहे. पण ते आकड्याचं अंग झालं, आकड्याचं उत्तर नव्हे.

आता दुसरी जात, गुण सांगणारे आकडे. इथे सात हा राजा. सहा दिवस काम आणि सातवा विसाव्याचा, या ‘उत्पत्ती’ पुस्तकातल्या मांडणीमुळे सात म्हणजे पुरं झालेलं. एकट्या प्रकटीकरणात सात हा शब्द पन्नासाहून अधिक वेळा येतो: सात मंडळ्या, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या मंडळ्या खऱ्याखुऱ्या गावांतल्या होत्या. पण आशिया प्रांतात ख्रिस्ती मंडळ्या एवढ्याच नव्हत्या. सातच निवडल्या, म्हणजे पत्र सगळ्यांना आहे. चार म्हणजे चहूबाजू: चार वारे, पृथ्वीचे चार कोपरे, चार घोडेस्वार. चाळीस म्हणजे कसोटीचा काळ, मग तो जलप्रलयाचा असो की अरण्यातल्या भटकंतीचा.

बारा जरा सावकाश बघण्यासारखा आहे. इस्राएलचे बारा वंश, येशूचे बारा प्रेषित. प्रकटीकरणाच्या ७व्या अध्यायात त्याचा लेखक योहान शिक्का मारलेल्यांची संख्या ऐकतो: प्रत्येक वंशातून १२,०००, एकूण १,४४,०००. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक ही संख्या अक्षरशः घेतात; स्वर्गात राज्य करणारे नेमके तेवढेच, असं त्यांचं मत. पण यादी नीट वाचा. त्यात दान हा वंश नाहीच, आणि योसेफ व त्याचा मुलगा मनश्शे दोघेही आहेत. शिवाय बारापैकी दहा वंशांचं राज्य इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरने बुडवलं होतं. योहानाच्या काळी ते वंश इतिहासजमा होऊन आठशे वर्षं झाली होती. जे वंश उरलेच नाहीत त्यांची शिरगणती कशी होणार? आणि लगेच पुढच्या वचनात योहान डोळे वर करून बघतो, तर समोर कुणालाही मोजता येणार नाही असा जमाव. कानाने ऐकलं १,४४,०००, डोळ्यांना दिसलं अगणित. बारा गुणिले बारा गुणिले हजार म्हणजे ‘एकही सुटला नाही’, असं हे वाचावं लागतं.

पुस्तकाच्या शेवटी स्वर्गातून उतरणारं नवं यरुशलेमही असंच. देवदूत सोन्याचा बोरू घेऊन ते मोजतो: लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. तटाची भिंत १४४ हात, म्हणजे ६५ मीटरच्या आसपास. दोन हजार किलोमीटर उंच शहराला पासष्ट मीटरचा तट! नकाशा म्हणून हे हास्यास्पद आहे, आणि लेखकाला ते दिसत नव्हतं असं मानायचं कारण नाही. पण शलमोनाच्या मंदिराचा गाभारा लांबी, रुंदी आणि उंचीने वीस-वीस हात होता, हे ज्या वाचकाला पाठ होतं त्याला घनाकृती शहर म्हणजे काय ते क्षणात कळलं असणार. अख्खं शहरच गाभारा झालं. प्रमुख याजकाने वर्षातून एकदाच जायच्या जागी आता सगळे राहणार.

आता साडेतीन. मराठी माणसाला हा आकडा घरचा वाटेल: साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन हात देह. आपल्याकडे तो शुभाचा किंवा पुरेपणाचा. बायबलमध्ये मात्र तो मोडलेला सात आहे. छळाचा काळ, जो पुरा व्हायच्या आत कापला जातो. दानीएल या बायबलमधल्या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात एक उन्मत्त राजा पवित्र जनांना ‘एक काळ, दोन काळ आणि अर्धा काळ’ छळतो. एक अधिक दोन अधिक अर्धा, साडेतीन. प्रकटीकरणात हाच काळ तीन वेशांत येतो: कधी त्याच शब्दांत, कधी ४२ महिने म्हणून, कधी १,२६० दिवस म्हणून. महिना तीस दिवसांचा धरा; ४२ गुणिले ३० म्हणजे १,२६०. सगळं एकच.

दानीएलच्या लेखकासमोर हा काळ नुसता कोरडा आकडा नव्हता. सिरियाचा ग्रीक राजा चौथा अंत्युख याने इ.स.पू. १६७ च्या डिसेंबरमध्ये यरुशलेमच्या मंदिरात झ्यूसची वेदी उभारली आणि यहुद्यांचे धर्माचार बंद पाडले. यहुदी बंडाचा पुढारी यहूदा मक्काबी याने इ.स.पू. १६४ च्या डिसेंबरमध्ये मंदिर परत मिळवून शुद्ध केलं. यहुद्यांचा हनुक्का हा सण त्याचाच. मंदिर भ्रष्ट राहिलं ते जेमतेम तीन वर्षं. दानीएलचा हा भाग त्या धामधुमीतच लिहिला गेला असं बहुतेक इतिहासकार मानतात. परंपरेने तो चारशे वर्षं आधीच्या बाबेलमधला धरला जातो. पुस्तकाच्या अखेरीस १,२९० दिवस आणि लगेच १,३३५ दिवस असे दोन आकडे पाठोपाठ येतात. साडेतीन वर्षं उलटली आणि अजून वाट बघायची आहे, म्हणून धीर देणाऱ्याने मुदत दोनदा वाढवली, असं अनेक अभ्यासक म्हणतात. मला या दोन वचनांत त्या माणसांची घालमेल इतर कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त जाणवते.

तिसरी जात म्हणजे खरंच काळ मोजणारे, पण ढोबळ आकडे. त्यातला नमुना म्हणजे यिर्मया या संदेष्ट्याची सत्तर वर्षं. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमच्या लोकांना धरून नेलं, तेव्हा हनन्या नावाच्या संदेष्ट्याने जाहीर केलं, की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाने सांगितलं, सत्तर. त्याने बाबेलला पत्र पाठवून कळवलं, की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. सत्तर वर्षं म्हणजे माणसाचं आयुष्य. ऐकणारा स्वतः परतणार नाही, नातवंडं परततील, हा त्या आकड्याचा अर्थ. प्रत्यक्षात काय झालं? इ.स.पू. ६०५ पासून मोजलं तर ५३९ मध्ये बाबेल पडेपर्यंत ६६ वर्षं होतात. ५८६ मध्ये मंदिर पाडलं तिथपासून ५१६ मध्ये नवं उभं राहिलं तिथवर बरोबर ७०. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

सत्तर हा शिक्षेचा आकडा एकट्या यहुद्यांचा नव्हता, हे अश्शूरचा राजा एसर-हद्दोन याच्या शिलालेखावरून कळतं. त्याचा बाप सन्हेरीब याने इ.स.पू. ६८९ मध्ये बाबेल उद्ध्वस्त केलं होतं. मुलाला ते परत बांधायचं होतं, पण बाबेलचा देव मर्दुक याने तर सत्तर वर्षं ओसाडीची लिहून ठेवलेली! शिलालेख सांगतो, की मर्दुकाला दया आली आणि त्याने आकडा उलटा केला. बाणाकृती लिपीत उभी खूण एकदा ६० दाखवते, एकदा १. कोनाची खूण म्हणजे १०. उभी खूण आधी आणि कोन नंतर, तर ७०. कोन आधी आणि उभी खूण नंतर, तर ११. सत्तरचे अकरा झाले आणि राजाने बांधकाम काढलं. देवाचा शब्दही राहिला आणि राजाचं कामही झालं.

दानीएलच्या ९व्या अध्यायात यिर्मयाची हीच सत्तर वर्षं पुन्हा उघडली जातात आणि त्यांची सत्तर ‘सप्तकं’ होतात, म्हणजे ४९० वर्षं. लेवीय या पुस्तकात बजावलेलं आहे, की ऐकलं नाहीत तर शिक्षा सातपट करीन. सत्तर गुणिले सात हे त्यातूनच आलेलं दिसतं. शेवटचं सप्तक मध्येच तुटतं आणि पुन्हा साडेतीन समोर येतो.

इथून पुढे पंचांगवाले शिरले. गणना आणि यहेज्केल या पुस्तकांत दोन ठिकाणी एका दिवसाला एक वर्ष धरलेलं आहे, आणि दोन्हीकडे तसं स्पष्ट सांगितलंय. दानीएलात तसं कुठेही सांगितलेलं नाही. तरी नियम उचलला गेला. न्यूटनसारख्या माणसानेही १,२६० दिवसांची वर्षं केली, ती शार्लमेनच्या राज्याभिषेकाच्या इ.स. ८०० मध्ये मिळवली आणि २०६० हे साल काढलं. त्याच कागदावर त्याने लिहून ठेवलंय, की शेवट कधी हे सांगायला नव्हे, तर उठसूट तारखा देणाऱ्यांची तोंडं बंद करायला हे करतोय. विल्यम मिलर या न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याला असा संयम नव्हता. त्याने दानीएलच्या २,३०० ‘संध्याकाळ-सकाळीं’ची वर्षं केली आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजली. शून्य नावाचं साल नसल्यामुळे एक वर्ष वाढवावं लागलं आणि १८४४ आलं. अनुयायांनी ख्रिस्त परत येण्यासाठी २२ ऑक्टोबर ही तारीख नक्की केली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. २३ ऑक्टोबर नेहमीसारखा उजाडला. हिशेब बरोबर होता पण घटना स्वर्गात घडली, असं मानणाऱ्यांतून पुढे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. पुण्यात औंध रस्त्यावर ज्यांची स्पायसर ही शिक्षणसंस्था आहे तेच हे लोक. आज ते तारखा देत नाहीत.

प्रकटीकरण पहिल्यांदाच हातात घेणार असाल तर सुरुवात तिथून करू नका. आधी यिर्मयाचे २८ आणि २९ हे अध्याय वाचा, मग दानीएलचा ७वा, आणि मगच प्रकटीकरणाचा १३वा. सगळं मिळून तासाभराचं वाचन आहे. आणि व्हॉट्सअॅपवर कुणी जगाच्या अंताची तारीख पाठवली, तर ती कुठल्या वचनातल्या कुठल्या आकड्यावरून काढली आहे एवढं विचारा. बहुतेक वेळा उत्तर १,२६० किंवा २,३०० असतं. या दोन आकड्यांवरून आजवर जाहीर झालेली शेवटाची एकही तारीख खरी ठरलेली नाही.